पाच-पाच आकड्यांतले आबा

आबा २००८ साली गेले, आजी त्यानंतर आठ वर्षांनी. गावच्या घराचं काय करायचं ते ठरवायला बाबा, आत्या आणि आम्ही सगळी भावंडं जमलो, तेव्हा शेताचं, भांड्यांचं, आजीच्या पाटल्यांचं पटापट ठरलं. अडलं ते भिंतीतल्या कपाटापाशी. त्यात आबांच्या वह्या होत्या, १९४८ पासून २००७ पर्यंत वर्षाला एक. प्रत्येक तारखेपुढे पाच-पाच आकड्यांचे गट, निळ्या शाईत, कुठेही खाडाखोड नाही. मध्येच एखादा मराठी शब्द. 'पत्र आले.' 'दूध बंद.' 'पोरगी चालली.' लहानपणी आम्हाला त्या हिशेबाच्या वह्या वाटायच्या. आजीला विचारलं की ती म्हणायची, "त्येंचं हापीस हाय त्यात. हात लावू नगा."

मी शाळेत गणित शिकवते, म्हणून असेल, त्या वह्या माझ्याकडे आल्या. "तुला आकडे आवडतात, तू बघ," आत्या म्हणाली. आबांचं आयुष्य आमच्या घरात तीन वाक्यांत संपायचं: लढाईत होते, मग वेधशाळेत होते, मग गावी आले. त्यांच्या तोंडून त्याहून जास्त कोणी फारसं ऐकलेलं नव्हतं. या वह्यांत ते सापडतील असं तेव्हा मला वाटलं नव्हतं. निदान त्या कशाच्या आहेत एवढं तरी कळावं, इतकीच इच्छा होती.

बाबांच्या ओळखीचे एक काका वेधशाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे १९५७ची वही घेऊन गेले. त्यांनी चष्मा पुसला, एक पान उघडलं आणि मराठी वाचावं तसं सरळ वाचायला लागले.

"अगं, हे सिनॉप आहे. हवामानाची तार. ४३०६३ म्हणजे पुणे. जगातल्या प्रत्येक वेधशाळेला असा नंबर असतो. पुढचा गट बघ, ८२५०८. पहिला आठ म्हणजे आभाळ पूर्ण भरलेलं. आभाळाचे आठ भाग करायचे, त्यातले किती ढगांनी झाकलेत ते सांगायचं. २५ म्हणजे वारा अडीचशे अंशांवरून, नैऋत्य आणि पश्चिमेच्या मधून. ०८ म्हणजे त्याचा वेग आठ नॉट. आता ९७६१६. ९७ म्हणजे दहा किलोमीटरपर्यंत दिसतंय. ६१ म्हणजे हलका पाऊस, पण न थांबता. शेवटचा सहा म्हणजे आधीच्या तासांतही पाऊसच. ०३८२४ मध्ये हवेचा दाब १००३.८ मिलिबार, सुरुवातीचे एक आणि शून्य लिहायचे नाहीत, ते समजून घ्यायचे. आणि २४ तापमान."

त्या ओळीच्या शेवटी एकच शब्द होता: 'मुलगा.'

तारीख होती ९ जुलै १९५७, बाबांचा जन्मदिवस. मी काकांच्या घरातूनच बाबांना फोन लावला आणि ते जन्मले त्या सकाळी पुण्यात संततधार होती, चोवीस अंश होते, असं सांगितलं. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "परत एकदा वाच."

त्यानंतर मी हा संकेत रीतसर शिकायला बसले. इंटरनेटवर जे तक्ते मिळत होते ते आबांच्या वह्यांना लागू पडत नव्हते. तिथे प्रत्येक गटाच्या सुरुवातीला एक, दोन, तीन असा ओळखीचा आकडा, आबांकडे तो कुठेच नाही. काकांनी उलगडा केला. सिनॉपचा नमुना जगभर १ जानेवारी १९८२ पासून बदलला आणि आबा आदल्या वर्षी निवृत्त झाले होते. नवा नमुना त्यांनी घेतलाच नाही. पुढची सव्वीस वर्षं गावच्या ओसरीवर बसून ते जुन्याच संकेतात लिहीत राहिले. काकांनी मला जुने तक्ते हाताने उतरवून दिले. ढगांचे प्रकार, 'सध्याचं हवामान' दाखवणारे शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंतचे आकडे, दृश्यमानता. ४५ म्हणजे आभाळ दिसू न देणारं दाट धुकं. ९५ म्हणजे गडगडाटासह पाऊस. हळूहळू तक्ता न बघता वाचता यायला लागलं. एखाद्या पानावर मार्च-एप्रिलमधले सलग निरभ्र दिवस दिसायचे, पहिला आकडा शून्य, शून्य, शून्य, आणि मग मे महिन्यात एका संध्याकाळी एकदम ९५. वळवाचा पाऊस असा कागदावर अंगावर येतो हे मला माहीत नव्हतं.

एक गोष्ट काकांनी पहिल्याच दिवशी बजावली होती, ती मला आबांना समजून घ्यायला फार उपयोगी पडली. जे पाहिलं नाही, मोजलं नाही, ते अंदाजाने भरायचं नाही. तिथे तिरप्या रेघा मारायच्या. जागा मोकळीही सोडायची नाही, कारण मोकळी जागा म्हणजे लिहायचं राहिलं की काय हे पुढच्याला कळत नाही. रेघ म्हणजे 'मला माहीत नाही' असं स्वच्छ सांगणं. आबांच्या गावच्या वह्यांत दाबाच्या जागी कायम तीन रेघा आहेत, कारण घरात बॅरोमीटर नव्हता. काही दिवस पाचही रेघा. त्यांच्या आईचं दिवसकार्य होतं तेव्हा तेरा दिवस रेघाच रेघा.

आता थोडं त्यांच्या नोकरीबद्दल, कारण घरात याची कोणालाच नीट कल्पना नव्हती आणि मला हे सांगायचं आहे.

शिवाजीनगरच्या त्या घड्याळाच्या मनोऱ्याच्या इमारतीला पुणेकर सिमला ऑफिस म्हणतात. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं ते त्या इमारतीत. १९४४ साली मुख्यालय दिल्लीला गेलं, पण बरंच काम पुण्यातच राहिलं. युद्धातून सुटलेला, मोर्स येणारा, आकडे बिनचूक उतरवणारा माणूस तिथे उपयोगाचा होता. आबा आधी आलेल्या तारा घेण्याच्या आणि नकाशावर मांडण्याच्या कामावर होते. देशभरातून हे पाच-पाच आकड्यांचे गट यायचे. प्रत्येक ठाण्याच्या गोल खुणेभोवती ठरलेल्या जागी तापमान, दाब, ढग, पाऊस लाल आणि काळ्या शाईच्या टाकाने बारीक अक्षरांत मांडायचे, आणि मग अधिकारी त्यावर समान दाबाच्या रेषा ओढायचे. मांडणाऱ्याचा एक आकडा चुकला तर रेषा भलतीकडे वळते. आबांचं अक्षर शेवटपर्यंत मुंगीएवढं का होतं ते मला आता कळलं.

पुढे ते निरीक्षक झाले. स्टीव्हनसन स्क्रीन म्हणजे झडपांच्या भिंतींची पांढरी पेटी, तिचं दार उत्तरेला, म्हणजे वाचन घेताना ऊन पाऱ्यावर पडत नाही. आत चार तापमापक: कोरडा, ओल्या फडक्याचा, कमाल आणि किमान. आपल्या श्वासानेही पारा हलतो म्हणून आधी दशांश वाचायचा, मग पूर्णांक. पहाटेचा फुगा असायचा. हायड्रोजन भरलेला फुगा सोडायचा आणि थिओडोलाइटमधून, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीतून, त्याचा कोन ठरावीक वेळाने टिपत राहायचा; त्यावरून वरच्या थरांतला वारा काढायचा. निरभ्र आभाळ असेल तर पांढरा फुगा, ढग असतील तर गडद रंगाचा, रात्री त्याला कागदी कंदील बांधून. बाबांना लहानपणी एकदा आबांनी तो कंदील वर जाताना दाखवला होता, हे बाबांनी मला त्या फोननंतर सांगितलं. साठ वर्षांत त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

त्याच पुण्यात तेव्हा हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणी खात्याच्या उपकरणांच्या विभागात होत्या. स्वातंत्र्याआधी साधे तापमापकही बाहेरून यायचे. त्यांनी जवळजवळ शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती इथेच बनवायला सुरुवात केली, आणि आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात, म्हणजे अनेक देशांनी मिळून पृथ्वीची निरीक्षणं घेतली त्या काळात, देशभर सूर्यकिरणांच्या मोजणीची ठाणी उभी केली. ते वर्ष १ जुलै १९५७ ला सुरू झालं. म्हणजे बाबा जन्मले तेव्हा ते सुरू होऊन आठवडाच झाला होता. जास्तीची निरीक्षणं, जास्तीच्या तारा. साडेआठचं वाचन घेऊन, तार पाठवून मग आबा सुतिकागृहात गेले असणार, कारण ओळ संपूर्ण आहे आणि 'मुलगा' हा शब्द वेगळ्या शाईत आहे.

मला इथे एक ठामपणे म्हणायचंय. आपण विज्ञानाची गोष्ट सांगताना शोध लावणाऱ्यांची नावं घेतो. गिल्बर्ट वॉकर याच खात्याचे प्रमुख होते, आणि भारताचा पाऊस आणि प्रशांत महासागरावरचा हवेचा दाब यांचं नातं त्यांनी आकड्यांच्या ढिगाऱ्यातून शोधून काढलं. पण तो ढिगारा कोणी रचला? कोणत्या तरी तालुक्याच्या गावी रोज सकाळी साडेआठला छत्री धरून पर्जन्यमापकापर्यंत चालत गेलेल्या माणसांनी. 'यंदा सरासरीच्या अमुक टक्के पाऊस' असं आपण ऐकतो, त्यातली सरासरी अशा हजारो माणसांच्या न चुकलेल्या सकाळींची आहे. माझे आजोबा शास्त्रज्ञ नव्हते असं घरात सगळे म्हणायचे. माझं मत आता तसं नाही.

वह्यांमध्ये एक गट मात्र कशातच बसत नव्हता. प्रत्येक वर्षाच्या पहिल्या पानावर, १ जानेवारीच्याही वर, एकटाच लिहिलेला. सुरुवात १४७ ने. वाऱ्याचा गट म्हणावा तर दिशा ४७ होते, म्हणजे चारशेसत्तर अंश. दिशा ३६ च्या पुढे जात नाही. शंभर नॉटच्या वरच्या वाऱ्याला दिशेत पन्नास मिळवायची एक जुनी पद्धत आहे, तीही ४७ ला लागू होत नाही. ठाण्याचा नंबर म्हणावा तर भारतातल्या ठाण्यांचे ४२ किंवा ४३ ने सुरू होतात. काकांनीही हात टेकले. सगळ्या वह्यांत तोच गट, तसाच, वर्षानुवर्षं.

हे कोडं आत्याने सोडवलं. ती म्हणाली, "अगं, आबांचा पलटणीतला नंबर नसेल ना?"

इथे मला पानशेतकडे जावं लागेल. आबांची लढाईची कागदपत्रं, डिस्चार्ज बुक, पदकं, हे सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत होतं, आणि तेव्हा बिऱ्हाड नारायण पेठेतल्या एका वाड्यात तळमजल्यावर. १२ जुलै १९६१. आदल्या रात्री पानशेतच्या अर्धवट धरणावर लष्कराचे जवान मातीची पोती रचत होते, आणि सकाळी धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला. आबा सकाळच्या पाळीला नदीपलीकडे सिमला ऑफिसात होते. आजी बाबांना आणि तान्ह्या आत्याला घेऊन वाड्याबाहेर पडली आणि चढाकडे चालत सुटली. मधली नदी, आणि तिच्यावरचे पूल पाण्याखाली. आबांना पलीकडे बायको-मुलं जिवंत आहेत की नाहीत ते कळायला मार्ग नव्हता. पाणी ओसरल्यावर चिखलातून ते पेठेत आले, आणि एका शाळेत तिघं सापडली. हे आजीने आम्हाला शंभर वेळा सांगितलंय. आबांनी एकदाही नाही. वह्या तेव्हा ऑफिसातल्या कप्प्यात असायच्या, म्हणून वाचल्या. त्या दिवशीच्या ओळीत पहिला आकडा आठ आहे, पुढे वारा, दृश्यमानता, दाब, सगळं बिनचूक. साडेआठचं निरीक्षण. त्यानंतरच्या दिवशी पाच रेघा. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा पूर्ण ओळ आणि 'सर्व आहेत.'

ट्रंक गेली. त्यामुळे आबांच्या सैनिकी आयुष्याचा कागद म्हणून घरात काहीही नव्हता, नंबर नव्हता, आणि नंबर नसल्यामुळे आजवर कोणी चौकशीही केली नव्हती. आत्याच्या म्हणण्यावर मी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारलं. तिथल्या एका निवृत्त सुभेदारांनी आकडा बघताच सांगितलं, "पाच आकडी आहे, त्या काळातला शिपायाचा नंबर असाच असायचा. बेळगावला लिहा." मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे. अर्ज, नातं सिद्ध करणारे कागद, आबांचा मृत्यूचा दाखला, सगळं जोडून पाठवलं. अशा अर्जाच्या नादी लागणाऱ्यांना एक सांगून ठेवते: बिगरपेन्शनीत सुटलेल्या जवानाचा सविस्तर कागद, ज्याला शीट रोल म्हणतात, तो ठरावीक वर्षांनी नियमाप्रमाणे नष्ट करतात. त्यामुळे 'रेकॉर्ड नाही' असं उत्तर आलं तर तिथे थांबू नका. लाँग रोल नावाची नोंदवही कायम जपलेली असते, तिचा उतारा मागा.

आम्हाला तो उतारा आला. एक ओळ. नंबर, नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, भरती १९४१, सेवामुक्ती १९४६. आकडा तोच. आबा दर वर्षी नवी वही उघडताना आधी स्वतःचा पलटणीतला नंबर लिहीत होते. सैन्य सोडून साठ वर्षं झाल्यावरही.

सातारा जिल्ह्यात सैन्यात जाणं ही काही बातमी नसते. आमच्या गावापासून फार लांब नसलेल्या अपशिंग्याला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. आमच्या गावातूनही घरटी एखादा गेलेला असायचाच. आबा अठराव्या वर्षी गेले. इंग्रजी चार इयत्ता झालं होतं म्हणून सिग्नलचं काम मिळालं. ते चौथ्या पलटणीत होते एवढं घरात माहीत होतं. आणि एक शब्द: सांगशाक. मणिपूरमधलं एक तांगखुल नागा गाव. लहानपणी मला ते ब्रह्मदेशातलं शहर वाटायचं.

मग मी त्या लढाईबद्दल मिळेल ते वाचलं. मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेशातली चिंदविन नदी ओलांडून इंफाळ आणि कोहिमाकडे निघालं. वाटेत उख्रुलजवळच्या डोंगरांत पन्नासावी पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्याबरोबर चौथी मराठा पलटण होती. सांगशाकच्या टेकडीवर त्यांना वेढा पडला. जपानी सेनापती मियाझाकी यांच्या तुकड्या एकामागून एक चढून येत होत्या. काटेरी तारा नव्हत्या. मोर्चे खणावेत तर थोडं खाली गेलं की कातळ. पाणी जवळजवळ नव्हतं. विमानांनी टाकलेली रसद टेकडी लहान असल्याने बरीचशी शत्रूच्या बाजूला पडायची. तरी त्यांनी २६ मार्चच्या रात्रीपर्यंत टेकडी धरली आणि मग हुकूम आल्यावर जखमींना घेऊन, जंगलातून, जमेल तसे इंफाळकडे निघाले. त्या दिवसांत मियाझाकी तिथे अडकून पडले म्हणून कोहिमाला तयारीला वेळ मिळाला, हे आता इतिहासकार सांगतात. त्या टेकडीवरच्या माणसांना ते तेव्हा माहीत असण्याचं कारण नव्हतं.

ही माहिती हातात आल्यावर मी सगळ्या वह्यांमधला २६ मार्च काढून बघितला. त्या तारखेला नेहमीच्या निरीक्षणाखाली आणखी एक ओळ असते. निरीक्षणाच्या वेळा जगभर ठरलेल्या आहेत, आपल्याकडे रात्री साडेआठ, मग साडेअकरा. ही ओळ त्या दोन्हींच्या मधल्या वेळची. कोणत्याही तारेत न जाणारी. ढग किती, वारा कुठला, किती लांबचं दिसतंय. शेवटी 'सां' एवढं अक्षर. बाकी काही नाही. १९४८ ला आहे, पुरानंतर आहे, बाबांच्या लग्नाच्या वर्षी आहे, २००७ ला थरथरत्या हाताने आहे.

आत्याला आबांनी एकदा, ती कॉलेजात असताना, एवढं सांगितलं होतं की वेधशाळेत जायचं इंफाळला ठरलं. एप्रिलपासून इंफाळ चहूकडून तुटलेलं होतं, २२ जूनला कोहिमाचा रस्ता मोकळा होईपर्यंत अन्न, दारूगोळा, जखमी, सगळं विमानांवर. पाऊस सुरू झालेला. आबा वायरलेसवर बसलेले असायचे आणि वरून सारखी विचारणा यायची: ढग किती उंचीवर आहेत, दरी दिसते का. "मी दारातनं मुंडी भायेर काढायचो आन् दिसंल ते सांगायचो," ते आत्याला म्हणाले होते. "चुकीचं सांगितलं तर माणूस डोंगरावर आपटायचा." आत्या म्हणते, एवढं बोलून ते उठले आणि गुरांकडे गेले.

आम्हा नातवंडांना ते कधी गोष्ट सांगायचे नाहीत. अंगणात उभं करून विचारायचे, "काय दिसतंय?" आम्ही 'पाऊस येणार' म्हटलं की म्हणायचे, "येणार ते नको. आत्ता काय दिसतंय ते सांग." तेव्हा कंटाळा यायचा.

१९६७ च्या वहीत ११ डिसेंबरला एक ओळ शब्दांत आहे, पूर्ण वाक्य, असं फार विरळा. 'पहाटे ४.२१ जमीन हलली. घरी सर्व ठीक. गावाकडून काही कळत नाही.' तो कोयनेचा भूकंप. कोयनानगर सातारा जिल्ह्यातच, पाटण तालुक्यात. पुढचे दिवस रेघा. ते गावी गेले होते. आमच्या घराची मागची भिंत पडली, माणसं वाचली. कोयनानगरला मात्र शेकडा-दीडशेच्या वर माणसं गेली. परत आल्यावर त्यांनी पुन्हा आकडे सुरू केले.

निवृत्तीनंतर गावी त्यांनी पहिलं काम केलं ते परसात पर्जन्यमापक बसवण्याचं. झाडापासून आणि घरापासून पुरेसं लांब, काठ जमिनीपासून तीस सेंटीमीटरवर, अगदी पाणसळ लावून. रोज सकाळी साडेआठला वाचन. पावसाळ्यात पाहुणा आला असेल तरी चहा वाचनानंतर. अडीच मिलिमीटर झाला तरच तो 'पावसाचा दिवस'. हा नियम मोडून आबांनी कधी गावकऱ्यांचं मन राखलं नाही.

या पावसाच्या वहीत दोन हात आहेत. आबांना मोतीबिंदूच्या वेळी, आणि नंतर हृदयाच्या दुखण्यासाठी साताऱ्याला ठेवलं होतं, तेव्हाच्या नोंदी आजीच्या. आजी शाळेत गेलेली नव्हती, आकडे तेवढे आबांनी शिकवले होते. तिला तारखेपेक्षा नक्षत्र कळायचं, म्हणून तिने तेच लिहवून घेतलं असावं शेजारच्या पोराकडून, आणि आकडा स्वतः काढला. 'आर्द्रा, १२.' 'तरणा, ४०.' 'तरणा, ३.' 'म्हातारा, २७.' पुनर्वसूचा पाऊस तरणा आणि पुष्याचा म्हातारा, हे तिच्याकडे सरळ नोंदीत आलंय. आकडे मोठे, वाकडे, ओळीच्या वर गेलेले. आबांनी परत आल्यावर त्यावर काही दुरुस्ती केलेली नाही. फक्त प्रत्येक नोंदीपुढे इंग्रजी तारीख लिहून, शेवटी आजीच्या नावाचं पहिलं अक्षर घातलंय. वेधशाळेत निरीक्षकाने करायची सही तशी.

मी हे सगळं आता एका तक्त्यात आणते आहे. नाशिकच्या चुलत भावाने गावच्या पावसाचे सव्वीस पावसाळे टंकून दिले. त्यात २००३ चा कोरडा पट्टा आणि २००५ ची जुलै-ऑगस्टची आकडेवारी शेजारी-शेजारी आली की बघतच राहावं लागतं. कौटुंबिक तारखांची एक वेगळी यादी केली, प्रत्येकाच्या वाढदिवसाचं हवामान लिहून प्रत्येकाला दिली. आत्याचं निरभ्र निघालं, वारा नाही, थंडी. ती म्हणाली, "एवढंच?" मी तिला शेवटचा शब्द दाखवला: 'मुलगी. दोघी बऱ्या.' बाबांच्या वेळी त्यांनी आजीबद्दल काही लिहिलं नव्हतं. आत्याने ती झेरॉक्स लॅमिनेट करून घेतली आहे.

१९६३ ते ६५ या वर्षांच्या वह्या अजून व्हायच्या आहेत. त्या काळात हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेसाठी कुलाब्याच्या वेधशाळेत केंद्र उघडलं होतं आणि आबांना काही महिने तिकडे पाठवलं होतं. त्या पानांवर पुण्याच्या ४३०६३ च्या जागी कुलाब्याचा ४३०५७ आहे, आणि जवळजवळ रोज ओळीच्या शेवटी 'पत्र लिहिले' असं आहे. आजीला वाचता येत नव्हतं, तेव्हा ती पत्रं कोण वाचून दाखवायचं ते आत्या शोधते आहे. वाड्यात समोर राहणाऱ्या एका बाईंची मुलगी अजून पुण्यात आहे, असं तिला कळलंय.